आई की बाबा? ताब्याच्या वादातलं मूल आणि त्याची साक्ष

मागच्या खेपेला आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला खरं ज्ञान होतं का, आणि होत असेल तर कोणाच्या सांगण्यावरून, असा तो प्रश्न होता. आज तोच प्रश्न आम्ही जरा अडचणीच्या जागी नेऊन ठेवणार आहोत. जागा आहे कुटुंब न्यायालयाची. नवरा-बायको वेगळे होताहेत, मुलाचा ताबा कोणाकडे यावर वाद आहे, आणि आठ वर्षांच्या त्या मुलाला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावलंय. त्याला काय विचारायचं? आणि तो जे बोलेल त्याला प्रमाण मानायचं की नाही?

आम्ही वकील नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. त्यामुळे आमची वाट नाटक-सिनेमातून जाते. पण त्याआधी आपल्या घरातलाच एक प्रसंग घेऊ. लग्नकार्यात पंगत उठलेली असते. एखादा काका चार वर्षांच्या पोराला मांडीवर ओढतो आणि विचारतो, 'काय रे, तुला आई जास्त आवडते की बाबा?' मूल म्हणतं, 'दोघं.' काका म्हणतो, 'तसं नाही चालणार, एकच सांगायचं.' मूल एकदा आईच्या तोंडाकडे बघतं, एकदा बाबांच्या. सगळे हसतात. हा प्रश्न आम्हीही आमच्या नातवाला विचारलेला आहे आणि हसलेलो आहोत. आता त्या क्षणी मूल काय करत असतं ते बघा. ते स्वतःच्या मनात उत्तर शोधत नसतं, समोरचे चेहरे वाचत असतं. पहिलं उत्तर त्याने खरंच दिलं होतं, ते आपण नापास केलं.

हाच प्रश्न काळ्या कोटातल्या माणसाने, बंद दाराआड, गंभीर चेहऱ्याने विचारला तर त्याचं स्वरूप बदलतं का? आमचं म्हणणं आहे, बदलत नाही. फक्त आता कोणी हसत नाही.

आता नाटकाकडे येऊ. ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याने ते १९४४ मध्ये, अमेरिकेत परागंदा असताना लिहिलं. आपल्याकडे चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याचं 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूप केलं आणि विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. गोष्ट जुनीच. दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात. न्यायाधीश खडूने वर्तुळ काढतो, मुलाला मधे उभं करतो आणि दोघींना ओढायला सांगतो. जिला त्याचा हात तुटेल अशी भीती वाटते ती सोडून देते, आणि मूल तिला मिळतं. आपल्या महाउम्मग्ग जातकात महोसध जमिनीवर रेघ ओढून हेच करतो. सॉलोमन राजाच्या गोष्टीत खडूऐवजी तलवार आहे. फरक एवढाच की जातकात आणि बायबलात सोडून देणारी सख्खी आई असते, ब्रेख्तकडे मात्र ती वाढवणारी मोलकरीण आहे, ग्रुशा. सख्ख्या आईचा डोळा मुलाबरोबर येणाऱ्या इस्टेटीवर आहे.

या प्रवेशावर आम्ही वर्गात तीस वर्षं बोललो. मालकी कोणाची, जो कसतो त्याची की ज्याच्या नावावर आहे त्याची, वगैरे. निवृत्त झाल्यावर कधीतरी लक्षात आलं की त्या वर्तुळातल्या मुलाकडे आम्ही एकदाही बघितलं नव्हतं. तान्ह्या बाळाचं ठीक आहे, पण ब्रेख्तचा मिखाएल तान्हा नाही. आधीच्या अंकात तो नदीकाठी इतर मुलांशी खेळताना दिसतो. बोलण्याच्या वयाचा आहे. तरी त्या अख्ख्या खटल्यात त्याला कोणी एक अक्षर विचारत नाही. अझ्दाकसारखा लोकांचा न्यायाधीशही दोघींची परीक्षा घेतो आणि मुलाला वजनमापासारखं वापरतो. नाटक मोठं आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याला आपण शहाणपणाचा आदर्श निवाडा म्हणतो, त्यात मूल मुकं आहे.

मग मुलाला बोलकं केलं की झालं? इथे दुसरी कलाकृती. अस्गर फरहादी या इराणी दिग्दर्शकाचा २०११ चा चित्रपट, 'अ सेपरेशन'. त्याला ऑस्कर मिळालं, बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, आपल्या फिल्म सोसायट्यांनीही तो भरभरून दाखवला. सिमीनला देश सोडायचाय, नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडून जाता येत नाही. मधे अकरा वर्षांची तेर्मे. शेवटच्या प्रसंगात न्यायाधीश तिला विचारतात, ठरलं का तुझं? ती म्हणते, ठरलं. आईवडिलांना बाहेर पाठवलं जातं. दोघं कॉरिडॉरमध्ये समोरासमोर, मधे काचेचं दार. श्रेयनामावली सुरू होते. उत्तर आपल्याला कळत नाही.

हा शेवट 'संयत' म्हणून गाजला, आणि तो आहेही. पण चित्रपट बघून बाहेर पडणारी मंडळी काय बोलतात? 'काय वाटतं, तिने कोणाला निवडलं असेल?' आम्हीही हेच बोललो होतो. म्हणजे आपण सगळे त्या लग्नातले काका झालो! दिग्दर्शकाने मात्र त्याआधीच, चित्रपटाच्या मधल्या भागात, आपल्या हातात एक किल्ली ठेवलेली असते. घरकामाला येणाऱ्या गरोदर बाईच्या गर्भपाताची केस नादेरवर चालू आहे. ती गरोदर आहे हे त्याला आधी माहीत होतं की नाही, हा कळीचा मुद्दा. त्याच्याशी जोडलेल्या एका तपशिलावर तेर्मेला विचारलं जातं, आणि ती बापाला वाचवण्यासाठी खोटं बोलते. नंतर गाडीत तिचे डोळे वाहत राहतात. मुलगी खोटारडी नाही. उलट त्या घरात सत्याचा सर्वात जास्त आग्रह तिचाच आहे. पण आपल्या एका वाक्यावर बाप आत जाणार की घरी येणार हे तिला कळलं, आणि त्या क्षणी तिचं वाक्य साक्ष राहिलं नाही, ती एक कृती झाली. मग शेवटच्या प्रसंगात तीच मुलगी, तसल्याच खोलीत, तसल्याच टेबलासमोर जे सांगेल ते तिच्या मनातलं असेल, असं कशावरून? न्यायाधीश बिचारे सौम्य आहेत, आईवडिलांना बाहेर पाठवण्याचा विवेक त्यांच्याकडे आहे. प्रश्नच असा आहे की सौम्यपणे विचारून तो सुधारत नाही.

तिसरी कलाकृती फ्रेंच, झाव्हिए लग्राँचा २०१७ चा 'कस्टडी'. चित्रपट सुरूच होतो सुनावणीने. अकरा वर्षांच्या ज्युलियनने लेखी सांगितलेलं असतं की मला वडिलांना भेटायचं नाही. वाक्यं स्पष्ट आहेत. न्यायाधीश ते निवेदन मोठ्याने वाचून दाखवतात, आणि वडील समोर बसलेले आहेत. मग दोन्ही वकील बोलतात, मुलाला आईने पढवलं असेल अशी शंका हवेत राहते, आणि निकाल लागतो की वडिलांना शनिवार-रविवार आलटून पालटून मूल मिळेल. म्हणजे ज्या माणसाबद्दल मुलाने लिहिलं, त्या माणसाच्या गाडीत, त्याने काय लिहिलं हे ऐकून झालेल्या माणसाशेजारी, मुलाला बसवलं जातं. तिथून पुढे ज्युलियन काय करतो? खोटं बोलतो. आईचा पत्ता, आईचा फोन, सगळ्याबद्दल खोटं. एकदा खरं बोलून बघितलं होतं, त्याचं काय झालं हे त्याने बघितलेलं असतं.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते, आणि आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा तोच आहे. मुलांशी बोलण्याबद्दलच्या चर्चेत साधारण असं गृहीत धरतात की संवेदनशीलता एका पारड्यात आणि विश्वासार्हता दुसऱ्यात. जास्त हळुवार झालात तर सत्य निसटेल, सत्याच्या मागे लागलात तर मूल दुखावेल, तेव्हा मधला तोल साधा. आम्हाला ही तराजूची उपमाच चुकीची वाटते. जो प्रश्न मुलाला जखम करतो तोच प्रश्न खोटं उत्तरही पैदा करतो, आणि कारण एकच असतं. आपण मुलाला ते ज्याचा साक्षीदार नाही त्याबद्दल विचारतो.

इथे नैयायिकांना बोलावणं भाग आहे. कोणाचा शब्द प्रमाण? तर आप्ताचा. आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात त्याची दोन अंगं सापडतात. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जी जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू, असंही तो म्हणतो. जात, विद्वत्ता, पद यांचा संबंध नाही. वयाचं त्याने काही सांगितलेलं नाही, पण आमच्या मते आठ वर्षांच्या मुलालाही हे लक्षण लागू व्हायला हरकत नसावी. स्वतःच्या दिवसाबद्दल ते मूल आप्तच आहे. सकाळी कोण उठवतं, ताप आला की रात्री उशाशी कोण बसतं, बाबांकडच्या रविवारी काय होतं, भांडण सुरू झालं की आपण कुठे जाऊन बसतो, हे सगळं त्याने साक्षात जाणलेलं आहे. किंबहुना तेवढं कोणीच जाणलेलं नाही. पण 'तू कोणाकडे राहिलास तर तुझं भलं होईल?' याचं साक्षात ज्ञान मुलाला नाही, आईला नाही, न्यायाधीशांना तर नाहीच. ते भविष्याबद्दलचं अनुमान आहे, आणि अनुमान करण्याचं काम न्यायाधीशांचं. ते मुलाच्या तोंडून वदवून घेतलं की निकालाची जबाबदारी आठ वर्षांच्या खांद्यावर जाते. पुढे चाळीस वर्षं ते मूल म्हणत राहतं, मी बाबांना सोडलं.

आता सांगण्याची इच्छा, हे दुसरं अंग. ती कशी मोडते याबद्दल मानसशास्त्रज्ञांनी फार सुंदर प्रयोग केलेत. १९८० मध्ये ह्यूज आणि ग्रीव्ह या दोघांनी पाच-सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? मुलांनी काय करावं? जवळजवळ सगळ्यांनी उत्तरं दिली, वर कारणंही दिली! मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे त्याला अर्थ असणारच, अशी त्यांची आपल्यावर श्रद्धा. आमच्या शाळेत मास्तर 'बघ हं, नीट विचार कर' असं म्हणाले की आम्ही तत्काळ उत्तर बदलायचो. मूळचं बरोबर होतं की चूक, हा विचार नंतरचा. चेंबरमध्ये मुलाला तोच प्रश्न तीनदा विचारला जातो तेव्हा मूल हेच समजतं की आधीचं चुकलं.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग १९९५ चा, लाइक्टमन आणि सेसी यांचा. बालवाडीत सॅम स्टोन नावाचा एक पाहुणा दोन मिनिटं येऊन गेला, त्याने काहीच केलं नाही. पण काही मुलांना आधीचे काही आठवडे सांगून ठेवलं होतं की सॅम फार धांदरट आहे, सारखं काहीतरी मोडतो. नंतर त्याच मुलांना सूचक प्रश्न विचारत राहिले, पुस्तक फाडलं तेव्हा सॅमने मुद्दाम फाडलं की चुकून? शेवटी लहान मुलांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की सॅमने पुस्तक फाडलं. ज्या मुलांना आधीही काही सांगितलं नव्हतं आणि नंतरही साधे प्रश्न विचारले, त्यांनी असं जवळपास काहीच सांगितलं नाही. आता सॅमच्या जागी 'तुझा बाप' घाला किंवा 'तुझी आई' घाला, आणि काही आठवड्यांच्या जागी ताब्याच्या केसची तीन वर्षं घाला. या प्रयोगाचा उत्तरार्ध आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या मुलाखतींच्या चित्रफिती या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांना दाखवल्या, तर कोणतं मूल खरं सांगतंय हे त्यांनाही धड ओळखता आलं नाही. तेव्हा 'मी मुलाच्या डोळ्यांत बघितलं आणि ओळखलं' असं जे कोणी म्हणतात, त्यांना नम्रपणे सांगायला हवं की नाही ओळखता येत.

म्हणून मूल पढवलेलं आहे का, या एका शंकेभोवती फिरण्यात फारसा अर्थ नाही. आमची एक जुनी विद्यार्थिनी समुपदेशक आहे. तिने सांगितलेला प्रसंग, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. एक मुलगा खुर्चीत बसला आणि काही विचारायच्या आत म्हणाला, 'मला आईकडेच राहायचंय, कारण ती माझ्या सर्वांगीण विकासाकडे लक्ष देते.' (हशा) हसू नका, बिचाऱ्याने पाठ केलं होतं. तिने तो विषयच काढला नाही. शाळेच्या व्हॅनबद्दल विचारलं, शाळेतून आल्यावर काय काय होतं ते सांग म्हणाली, आणि गप्प बसली. हळूहळू कळलं की बाबांच्या नव्या फ्लॅटवर तो संध्याकाळी सातपर्यंत एकटा असतो, शेजारचा कुत्रा भुंकला की टीव्हीचा आवाज मोठा करतो. म्हणजे वाक्य पढवलेलं होतं, पण त्याला आईकडे राहायचंय हे खरंच होतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे गेटियर आठवेल. निष्कर्ष बरोबर, रस्ता चुकीचा. पढवलेलं म्हणजे खोटं, असं समीकरण मांडलं तर आपण 'कस्टडी'मधल्या न्यायाधीशांच्या ओळीत जाऊन बसतो.

ती विद्यार्थिनी जे करत होती त्याची शिस्त पाश्चात्त्य देशांत बांधली गेली आहे. मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मुलाखतीचा एक आराखडा तयार केला, इस्रायलने तो देशभर स्वीकारला. तो मुख्यतः अत्याचाराच्या तपासासाठी आहे, ताब्याच्या वादाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण त्यातलं मर्म उचलण्यासारखं आहे. आधी मुलाला सांगायचं की 'माहीत नाही' हे चांगलं उत्तर आहे, आणि मी चुकले तर मला दुरुस्त कर. मग एखाद्या साध्या प्रसंगावर, वाढदिवस म्हणा, त्याला मोकळेपणी बोलायचा सराव द्यायचा. मग 'सगळं सांग', 'मग काय झालं?' एवढंच. हो की नाही, हे की ते, असे प्रश्न अगदी शेवटी, लागलेच तर. ऐकायला सोपं वाटतं. पण संशोधनात वारंवार दिसलं की प्रशिक्षण दिलेली माणसंही, कोणी त्यांच्या मुलाखती तपासत राहिलं नाही, तर पुन्हा जुन्या सवयींवर येतात. आपण मोठी माणसं गप्प बसू शकत नाही, हे त्याचं कारण असावं. आमच्यासारख्या व्याख्यात्यांनी तर त्यावर बोलूच नये.

आता आपल्या कायद्याकडे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे. त्याच्या सतराव्या कलमात म्हटलंय की अज्ञान मूल समंजस पसंती ठरवण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल. 'पसंती' हा शब्द तिथे बसलाय तो बसलाच. पसंती म्हटलं की दोन वस्तू समोर ठेवल्या जातात. उलट १९८९ चा बालहक्क करार घ्या, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम मुलाच्या मताबद्दल बोलतं, त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबींतल्या. २००९ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्टही केलं की बोलणं हा मुलाचा हक्क आहे, सक्ती नव्हे. न बोलायचाही हक्क आहे. पसंती आणि मत यांतला हा फरक शब्दच्छल नाही, त्यावर खोलीतला पहिला प्रश्न ठरतो.

आणि ताब्याच्या निकालांत एका धाटणीचं वाक्य येतं, तेही वाचक म्हणून तपासू. साधारण असं: मुलाशी चेंबरमध्ये संवाद साधला, मूल चुणचुणीत असून त्याने आईसोबत राहण्याची इच्छा व्यक्त केली. मराठीच्या मास्तरांना द्या हे वाक्य. यात उत्तर आहे, प्रश्न कुठाय? 'इच्छा व्यक्त केली' म्हणजे आपणहून केली की दोन पर्यायांतून निवडायला लावल्यावर? किती मिनिटांनी? त्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात कोणी आणलं होतं, आणि परत कोण नेणार होतं? प्रश्न गाळून नुसतं उत्तर लिहिलं की उलटतपासणीची दोरीच कापली जाते. आमची मागणी तशी क्षुल्लक आहे: मुलाचं उत्तर लिहाल तिथे, ज्या शब्दांत विचारलं तो प्रश्नही लिहा. त्यासाठी नवा कायदा नको. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने स्वतःची कार्यपद्धती आखायची मोकळीक दिलेली आहे आणि समुपदेशकही दिले आहेत.

एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. चौदा वर्षांची मुलगी म्हणेल, मला स्वतःचं मत आहे, तुम्ही मला दिनक्रम काय विचारत बसता? खरं आहे. तिला सांगू द्यावं. सांगू देणं आणि सांगायला लावणं यांत अंतर आहे. 'न्यायाधीशांना काय कळायला हवं, असं तुला वाटतं?' असं विचारलं तर जिला निवड सांगायचीय ती सांगेल, आणि जिला नाही तिला गप्प राहता येईल.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. तो आम्हाला अजून पूर्ण सुटलेला नाही. मुलाने जे सांगितलं ते आईवडिलांना कळू दिलं नाही, तर ज्याच्या आधारे निकाल लागतो ते त्यांना तपासताच येत नाही. हा नैसर्गिक न्यायाचा भंग. कळू दिलं, तर ज्युलियन. आम्हाला एवढंच ठामपणे म्हणता येतं की 'हे आपल्या दोघांतच राहील' असं खोटं आश्वासन मुलाला देऊ नये. सुरुवातीलाच सांगावं की यातलं काही मला बाहेर सांगावं लागेल. आणि उठताना विचारावं, यातलं काय, कोणत्या शब्दांत सांगू? काही मुलं फार नेमकं सांगतात म्हणे.

एक चिठ्ठी आलीय. एक आजी विचारताहेत, पुढच्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या नातीला कोर्टात बोलावलंय, तिला काय सांगून पाठवू? आजी, काय बोलायचं ते सांगू नका, अगदी 'खरं बोल' असंही नको, त्यात ती काहीतरी लपवणार आहे असा वास येतो. कुठे जायचंय, कोण भेटेल, किती वेळ लागेल तेवढं सांगा. 'माहीत नाही' म्हटलं तरी चालतं, हे सांगा. ठरवणार मोठी माणसं आहेत, तिने काहीही सांगितलं तरी ठरवलं त्यांनीच, हे दोन-तीनदा सांगा. परत आल्यावर 'काय विचारलं गं?' असं विचारू नका. तेवढं तुम्हाला जड जाईल. डबा द्या बरोबर, कोर्टात फार वेळ बसावं लागतं.